चौथी मूठ

आमच्या घरी भाताचा तरवा पेरण्याचा अधिकार घरातल्या थोरल्या बाईचा. मृग लागला की तिने वाफ्यात उतरायचे आणि घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव मोठ्याने घेऊन त्याच्या नावाची एकेक मूठ बी टाकायचे. पेरणारीने स्वतःच्या नावाची मूठ टाकायची नसते. आणि माणूस गेला की त्याची मूठ त्याच वर्षी थांबवायची. हे नियम सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी चिखलात उभे करून सांगितले. शेवटच्या नियमाचे कारण मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गेलेल्याला हाक मारून वाढलंस तर तो जेवायला येतो. त्याला वेगळं ताट नसतं. तो शेजारच्याच्या ताटातलं खातो."

बेचाळीस वर्षांत मी त्यांचा शब्द मोडला नाही. शेवटचा नियम मोडला असेही मी कधी मानले नाही, कारण माझा रामेश्वर गेला हेच मी मानले नव्हते.

रामेश्वर माझा थोरला. १९८९च्या जूनमध्ये दुबईच्या खाडीतून माल भरून निघालेल्या एका लाकडी गलबतावर तो खलाशी होता. गलबत कुठेच पोचले नाही. महिनाभराने त्याची ट्रंक आणि एक इंग्रजी पत्र राजापुरास आले. धाकट्या सतीशने ते वाचून दाखवले. त्यात बेपत्ता असे लिहिले होते. मृत असे कुठेही नव्हते. मी ट्रंक माळ्यावर चढवली आणि घरादाराला बजावले, की दहावे-तेरावे हे शब्द माझ्या उंबऱ्याच्या आत कोणी उच्चारायचे नाहीत. कोणी उच्चारले नाहीत. माझ्यापुढे उलट बोलण्याची गावात रीत नव्हती.

दर मृगाला मी त्याची मूठ टाकत राहिले. ती फार विरळ उगवायची, पाच-सात काड्या फक्त. पण उगवायची, आणि तेवढा पुरावा मला पुरे होता.

२००२ साली माझ्या गुडघ्यांनी वाफ्यात उतरायला साफ नकार दिला, तेव्हा सतीशने मला तीन महिन्यांसाठी दुबईला आणले. अल कुसैसमध्ये चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. घरात तो, त्याची बायको अर्चना आणि सहा वर्षांची दिया. दोघेही सकाळी ऑफिसात जात, दियाची शाळेची बस दीडला येई. मी घरचे बी उशीच्या अभ्र्यात शिवून आणले होते, आणि करवंटीभर तांबडी मातीही. तरवा चुकवण्याचा माझा इरादा नव्हता.

समोरच्या फ्लॅटमध्ये लिऊ नावाची चिनी बाई राहत असे. वयाने माझ्याएवढी, उंचीने माझ्या खांद्याला, आणि हट्टाने माझ्या बरोबरीची. देऱ्याच्या बाजारात तिच्या मुलाचे घाऊक मालाचे दुकान होते. तिथे तीन वर्षे गल्ल्याशेजारी बसून तिला गिऱ्हाइकांची हिंदी येऊ लागली होती. माझी हिंदीही काही पुस्तकातली नव्हे. आम्हा दोघींचे उत्तम जमले.

सहा जूनला सकाळी ती वाफवलेल्या पिठाच्या आकृत्या ताटात घेऊन दाराशी आली. पालकाच्या रसाने हिरवी केलेली भोपळ्याची वेल, बिटाने लाल केलेला बैल, एक लठ्ठ डुक्कर, गव्हाची ओंबी.

"आज मांगचुंग," ती म्हणाली. "हमारा गाव में आज सब का कमर टूटता. गेहूँ काटो, चावल लगाओ, बैठने का टाइम नहीं."

तिच्या पंचांगात सूर्याच्या चालीने वर्षाचे चोवीस भाग पाडलेले आहेत. मांगचुंग हा त्यातला एक, कुसळाच्या धान्याचा. त्याचा अंमल पंधरा दिवस. त्या दिवसांत पेरले ते पीक, त्यानंतर पेरले ते नुसते गवत, असे तिचे ठाम मत होते.

"तेरा मृग कब?" तिने विचारले.

"कल."

"एक दिन का फरक! तेरा गाव, मेरा गाव, पास पास." ती खुशीत हसली. मग बैलाचे शिंग नीट करत म्हणाली, "और आज फूल का देवी वापस जाता. उसको खाना देना, लाल धागा बांधना, बोलना, अब जाओ. नहीं बोला तो जाता नहीं."

ह्या दुसऱ्या भागाकडे मी लक्ष दिले नाही. पेरणीच्या दिवशी निरोप कसले द्यायचे, असे मला वाटले. मात्र पहिल्या भागाचा मी मान राखला, आणि एका शेतकरणीच्या शब्दाखातर उद्याची पेरणी त्याच संध्याकाळी काढली.

टोमॅटोचा एक मोठा रिकामा क्रेट आणि तो भरायला काळी माती मी नातूराकडून, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराकडून, मागवला. जमाल त्याचे नाव. अर्चना ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर ठेवूनच बाल्कनीत उभी राहिली.

"आई, बाल्कनीत चिखल? बिल्डिंगमध्ये अलाऊड नाहीये. खालच्यांनी कंप्लेंट केली तर?"

"खालच्यांना मी बघते. तू हात धुऊन ये."

"अहो, पण पंचेचाळीस डिग्रीत भात कोण लावतं?"

"मी लावते."

ती हात धुऊन आली. मी क्रेटचे चार कोपरे बोटाने आखले. करवंटीतली माती चारही कोपऱ्यांत सारखी वाटली. सतीशची मूठ. अर्चनाची मूठ. दियाची मूठ. मग मी रामेश्वरचे नाव घेतले आणि दियाच्या शेजारच्या कोपऱ्यात चौथी मूठ टाकली.

सतीश दारात उभा होता. "आई," तो हळू म्हणाला, "ही इथे नको होतीस टाकायला."

"इथे म्हणजे कुठे?"

त्याने आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

तिसऱ्या दिवशी चौथी मूठ उगवली. बाकीचे तिन्ही कोपरे अजून काळे होते. ही मात्र वितीएवढी वर आली होती. दाट, गर्द हिरवी, कोपऱ्याच्या रेषेपर्यंत ठासून भरलेली. गावी तेरा वर्षांत ती अशी कधीही आली नव्हती. मी पदर तोंडाला लावून बराच वेळ तिथे बसले. आपला मुलगा जवळपास कुठेतरी आहे, ह्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी जमाल वर आला.

"अम्मा, आपका खेती से पानी टपकता. नीचे बिलकीस आपा का पूरा कपड़ा खराब. सफेद सफेद दाग."

"पानी मैं लोटाभर डालती हूँ, वह भी सुबह. दुपारपर्यंत सूख जाता है."

"तो वो कौन डालता है, अम्मा? मेरा बाप?"

त्याला मी झापले आणि वाटेला लावले. मग बाल्कनीत गेले. बाराचे ऊन, कठडा हात लावू देत नव्हता. तीन कोपऱ्यांत आता उगवलेली बारीक रोपे माना टाकून होती आणि माती भेगाळली होती. चौथ्या कोपऱ्यात बोटभर पाणी उभे होते. मी त्यात बोट बुडवून जिभेला लावले.

खारे होते.

त्या चवीचा अर्थ मला त्याच क्षणी कळला, हे मी आज लिहून ठेवते. तेव्हा मी स्वतःला असे सांगितले की नळाचे पाणी इथे समुद्रातूनच येते, आणि दार लावून घेतले.

त्याच दुपारी पावले दिसली. सगळे बाहेर, पडदे ओढलेले, एसीची घरघर. मी भाजी निवडत बसले होते. बाल्कनीच्या बंद दारापासून फरशीवर ओल्या पावलांची एक रांग उमटत आतपर्यंत आली. कोणी चालत नव्हते. ठसे तेवढे एकामागून एक फरशीतून वर आल्यासारखे दिसत होते. त्यांना तांबड्या चिखलाची कड होती. डाव्या पायाला चारच बोटे. दहा वर्षांचा असताना लावणीच्या चिखलात विळ्यावर पाय पडून रामेश्वरची करंगळी गेली होती. ती मी माझ्या हातांनी जास्वंदीच्या झाडाखाली पुरली होती.

मी घाबरले नाही. मी उठून पान वाढले. भात, कोलंबीची कढी, वर तळलेला बांगड्याचा तुकडा. बाल्कनीच्या दारात ताट ठेवून मी पाठ फिरवली, कारण तो लहानपणी कोणी पाहत असले की जेवत नसे. अर्ध्या तासाने पाहिले तर ताट स्वच्छ होते आणि ओले होते. ठसे वाळल्यावर फरशीवर मिठाची पांढरी नक्षी उरली. अर्चना यायच्या आत मी ती पुसली.

पुढचे सहा दिवस मी रोज पान वाढले. आयुष्यात इतक्या आनंदाने मी क्वचितच रांधले असेल. घरात कोणाला काही सांगितले नाही.

दियाला मात्र सांगायची गरज पडली नाही. शाळेतून आली की ती बाल्कनीच्या काचेला नाक लावून उभी राही.

"आजी, हू इज दॅट अंकल?"

"कोण गं?"

"ही इज सो वेट. ही स्टँड्स देअर."

"तो तुझा काका. बोलतो का तुझ्याशी?"

"नो. ही जस्ट ड्रिंक्स." आणि तिने हातातला रिकामा पेला मला दाखवला. "ही ड्रिंक्स माइन."

मी तिला दुसरा पेला भरून दिला. तो तिने घटाघट प्यायला, मग तिसरा, मग चौथा. रात्रीच्या जेवणात अर्चना म्हणाली, "आई, ही शाळेत सहा बाटल्या पाणी पितेय म्हणे. मिस म्हणाल्या, ओठ बघा कसे फुटलेत." मी म्हणाले, उन्हाळा आहे. झोपताना मी दियाच्या कपाळाचा पापा घेतला, तर माझ्या ओठांवर मीठ आले.

अठरा तारखेला ती शाळेच्या बसच्या पायरीवरच कोसळली. सतीशने तिला इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, अंगातले पाणी आटले आहे आणि मीठ वाढले आहे. मूल दिवसाला इतके पाणी पीत असताना हे कसे झाले, ते त्यांना सांगता येईना. सलाइन लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी सतीशचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आई, ड्रिप चालू आहे तरी सुकतेय ती. ते म्हणतात किडनीवर गेलं तर... आई, तू देवाजवळ दिवा लाव."

मी देवाजवळ गेले नाही, बाल्कनीत गेले. दियाचा कोपरा मुळापासून पिवळा पडला होता. मी माती उकरली. चौथ्या कोपऱ्यातली पांढरी मुळे रेषा ओलांडून दियाच्या रोपांपर्यंत आली होती आणि प्रत्येक रोपाला दोऱ्याच्या रिळासारखी वेढून बसली होती. सासूबाई चिखलात उभ्या राहून काय बोलल्या होत्या, ते मला शब्दन् शब्द ऐकू आले.

चौथी मूठ उपटायला एवढासा वेळ लागला असता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तेरा वर्षे न म्हटलेला एक शब्द त्या उपटण्यात होता. दुसऱ्या बाजूला माझी नात होती. हे सर्व ठाऊक असून मी तिथे दुपारपर्यंत तशीच बसून राहिले, आणि ती लाज मी कोणावर ढकलत नाही.

दारावर थाप पडली. लिऊ होती, हातात ओले फडके.

"चार उँगली," ती म्हणाली. "बाहर भी आता. लिफ्ट तक जाता, वापस आता. दस दिन से सुबह मैं पोंछती."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"तू बहुत खुश थी."

ती सरळ बाल्कनीत गेली. क्रेट पाहिला, पाणी चाखले, आणि थुंकली. "तेरा लड़का?"

मी मान डोलावली.

"तू बुलाया. खिलाया. जाओ बोला?"

"मी कशाला बोलू?" मी मराठीतच ओरडले. "माझा मुलगा आहे तो!"

तिला शब्द कळले नसावेत. तिने माझ्या मनगटाला धरले. हात लोखंडासारखा होता. "मांगचुंग पंधरा दिन. कल आखिरी. परसों खलास. बाद में वो घर का आदमी, हमेशा. और बच्ची..." तिने पिवळ्या कोपऱ्याकडे बोट केले.

रात्रभर तिच्या स्वयंपाकघरातून वाफेचा वास येत होता. पहाटे मी आंघोळ केली, धुवट लुगडे नेसले आणि चौथी मूठ उपटली. दियाच्या रोपांभोवतीची मुळे सोडवताना ती माझ्या बोटांना वेढे घालत होती. मी ती एकेक करून उकलली. त्याची लहानपणीची मूठ सोडवायला असाच वेळ लागत असे.

निघण्यापूर्वी सतीशला फोन केला.

"मी बर दुबईला जाते. खाडीवर."

"आत्ता? आई, इथे दिया..."

"रामेश्वरला पोचवायला जाते."

तो कॉरिडॉरमध्ये आला असावा, इस्पितळातल्या यंत्राची टिकटिक दूर गेली. मग सतीश म्हणाला, "मी दर जूनला जातो तिथे. फुलं सोडतो. सांगतो, दादा, बस झालं आता. नाही ऐकत तो माझं." शेवटी म्हणाला, "तुझं ऐकेल."

टॅक्सीत लिऊच्या मांडीवर डबा होता आणि माझ्या मांडीवर ओल्या फडक्यात रोपांची जुडी. फडक्यातून पाणी सतत गळत होते. तिथल्या हिंदू देवळाच्या गल्लीतून आम्ही धक्क्यावर उतरलो आणि एक सबंध आब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, ठरवली. नावाडी खैरुद्दीन नावाचा चितगावचा माणूस होता. उन्हात खाडी पत्र्यासारखी तळपत होती.

"उस पार, अम्मा?"

"बीच में," मी म्हणाले. "बीच में रोकना."

मधोमध त्याने इंजिन बंद केले. लिऊने डबा उघडला. पिठाचा बैल होता, भाताची लोंबी होती, आणि एक माणूस होता. त्याच्या डाव्या पायाला तिने चारच बोटे केली होती. जुडीला तिने लाल धागा बांधला, आकृत्या एकेक करून पाण्यात सोडल्या आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मग माझ्याकडे पाहिले.

माझ्या हुकमाने माणसे उठली-बसली आहेत. त्या दिवशी मात्र मी जुडी छातीशी धरून बसले. जुडी जड होत चालली होती, एखाद्याने खालून धरल्यासारखी.

"रामेश्वर," मी म्हणाले. "बाळा, तू गेलास. तेरा वर्षं झाली तुला जाऊन. तुझी मूठ मी आज थांबवली. पोटभर जेवलास ना? आता मागे रेंगाळू नकोस. जा."

मी हात सोडला.

जुडी बुडली नाही. लाल धागा आपोआप सुटला आणि रोपे मोकळी झाली. ओहोटी होती, ती वाहून जायला हवी होती. त्याऐवजी एक रोप पाण्यावर सरळ उभे राहिले. मग त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरे. मग तिसरे. मी त्याला शिकवले होते त्याच अंतराने, त्याच सरळ ओळीत, एकेक रोप पाण्यात रोवले जात होते, आणि ती ओळ समुद्राच्या दिशेने लांब लांब जात होती.

"या अल्ला," खैरुद्दीन म्हणाला. "ये घास खड़ा कैसे है?"

"काम करता है," लिऊ म्हणाली. "चुप बैठो."

भाताची लावणी करणारा माणूस वाकून मागे मागे सरकतो. लावलेले त्याच्या पुढ्यात राहते. म्हणजे तो जात होता, पण त्याचे तोंड माझ्याकडे होते. मी नजर हटवली नाही. शेवटचे रोप कुठे रोवले गेले ते उन्हाच्या तिरिपीत दिसले नाही. मग सगळी ओळ एकदम आडवी झाली आणि साधे गवत होऊन वाहून गेली.

"यल्ला," लिऊने खैरुद्दीनला सांगितले. "चलाओ."

धक्क्यावर उतरलो तेव्हा फडके कोरडे ठणठणीत होते. इस्पितळात पोचले तर अर्चना कॉरिडॉरमध्ये रडत होती, पण ते रडणे निराळे होते. दियाने पाण्याचा पेला हाताने दूर सारला होता आणि म्हणाली होती, "आय'म नॉट थर्स्टी." कपाळाला मी ओठ लावले. मीठ नव्हते.

पुढच्या वर्षी पेरणीचा अधिकार मी अर्चनाला दिला. त्यासाठी लिऊच्या पंचांगातला दिवस गाठून मुद्दाम अल कुसैसला आले. अर्चनाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग गुपचूप पदर खोचला. तिने सतीशची मूठ टाकली, दियाची टाकली, आणि पेरणारीची टाकायची नसते म्हणून स्वतःची टाकली नाही. मग माझे नाव घेतले.

"नीट ऐक," मी म्हणाले. "मी आहे तोवरच. गेले की त्याच वर्षी थांबवायची. एक वर्षही जास्त नाही. रडायचं तर खुशाल रड, पण हाक मारायची नाही."

"हो, आई."

दिया क्रेटशेजारी उकिडवी बसली होती. तिने माझ्याकडे वर पाहिले.

"आजी, आय वोन्ट माइंड," ती म्हणाली. "यू कॅन ड्रिंक माइन."

तिचा उजवा हात पाठीमागे होता. मी तो पुढे ओढून मूठ उघडली. आत घट्ट दाबून ठेवलेले भाताचे दाणे होते. मी ते एकेक करून काढून घेतले.